मुलाणीबाईंचा शेरा

मुलाणीबाईंच्या घरात स्वतःचा मिक्सर कधी नव्हता. आमच्या वारज्याच्या सोसायटीत त्या बारा वर्षं राहिल्या आणि त्या बाराही वर्षांत त्यांच्या ओट्यावर कोणा ना कोणाचा तरी मिक्सर असायचाच. एखादा मध्येच दम टाकणारा, एखादा जळका वास मारणारा, एखादा नुसताच गुरगुरणारा. बाई त्यावर लसणाची चटणी वाटायच्या, इडलीचं पीठ वाटायच्या आणि तीन दिवसांनी मिक्सर ज्याचा त्याला परत करायच्या. तळाशी घोटीव कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली असायची, त्यावर तारीख आणि त्यांची सही. चिठ्ठी हिरवी असली तर वस्तू ठेवायची, लाल असली तर सोडायची. हा मुलाणीबाईंचा शेरा. तो आला की नवरा-बायकोची भांडणं मिटायची किंवा खऱ्या अर्थाने सुरू व्हायची.

बाई मूळच्या गंज पेठेतल्या. भोसरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसलेल्या. लाईनवरून तयार होऊन आलेला माल बघायचा, ऐकायचा, आणि पास किंवा नापास करायचा, एवढंच काम. निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलगी लग्न होऊन विश्रांतवाडीला गेली, तेव्हा त्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहायला आल्या. कामाची सवय मात्र सुटली नव्हती. जिन्यात कोणी टोस्टर घेऊन उतरताना दिसलं की त्यांचे डोळे टोस्टरवर जायचे, माणसाकडे नंतर.

माझी ओळख ओव्हनमुळे झाली. आमचा मायक्रोवेव्ह चालता चालता बंद पडायचा. एक तंत्रज्ञ येऊन चार मिनिटं त्याच्यासमोर उभा राहिला आणि "बोर्ड गेलाय, बोर्ड मिळत नाही, नवीन घ्या" असं सांगून गेला. मला ते ऐकून बरंच वाटलं होतं, कारण मला नवीन हवाच होता. माझी बायको मीरा म्हणाली, "आधी खालच्या बाईंना विचारू." मी कुरकुरत ओव्हन उचलून दोन मजले उतरलो.

बाईंनी ओव्हनकडे पाहिलंच नाही. मला विचारायला लागल्या. बंद पडतो तो सकाळी की संध्याकाळी? तेव्हा घरात आणखी काय चालू असतं? समोर कोण असतं, तुम्ही की वहिनी? मी जरा चिडून म्हणालो, "अहो, मशीन बिघडलंय, माझी चौकशी कशाला?"

"मशीनला बोलता आलं असतं तर त्यालाच विचारलं असतं," बाई म्हणाल्या. "तीन दिवस ठेवून घेते."

चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा ओव्हनवर हिरवी चिठ्ठी होती. त्यांच्याकडे तो एकदाही बंद पडला नव्हता. "ओव्हन ठणठणीत आहे, दामले. तुमची भिंत आजारी आहे. सॉकेट ढिलं असणार. सकाळी त्याच बोर्डावर किटली लावता ना?" आम्ही लावत होतो. वायरमनने सॉकेट बदललं आणि तो ओव्हन आजही आमच्याकडे आहे. मला नवीन मिळाला नाही तो नाहीच.

पण त्या दिवसापासून मला या बाईचं भलतंच कुतूहल वाटायला लागलं. मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं वाचतो, त्यामुळे दुपारी मोकळा असतो. कोणाची जड वस्तू खाली न्यायची असली की मीच हमाल. मोबदल्यात बाई मला तपासणी बघू द्यायच्या. "तुम्ही दुसऱ्यांच्या चुका वाचता, मी ऐकते," असं त्या म्हणायच्या. आमच्या दोघांचा धंदा एकच आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं आणि मला ते आवडलं होतं.

ऐकते हे त्या शब्दशः म्हणायच्या. त्यांच्याकडे एक लाटणं होतं. त्याचं एक टोक मशीनला टेकवायचं, दुसरं कानाच्या मागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. कारखान्यात यासाठी लाकडी दांडी असायची, घरी लाटणं. "आधी आवाज बदलतो, मग वास येतो, मग धूर निघतो," त्या सांगायच्या. "धूर दिसेपर्यंत थांबतो, त्याला मालक म्हणतात."

एक नियम त्या कधी मोडत नसत. स्वतः कधी स्क्रू फिरवायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, एवढं कळतं तर दुरुस्तही तुम्हीच करा ना. बाई मान हलवत म्हणाल्या, "जो दुरुस्त करतो त्याला वाटतं दुरुस्तच करावं. जो विकतो त्याला वाटतं विकावं. मध्ये कोणीतरी नुसतं बघणारं पाहिजे." म्हणून त्या कोणाकडून काही घ्यायच्या नाहीत. काय असेल तो फायदा चटणीचा.

आपट्यांच्या टीव्हीची गोष्ट सोसायटीत सगळ्यांना अर्धीच माहीत आहे. त्यांच्या टीव्हीवर रेघा यायला लागल्या. आपटे म्हणत होते की आता हा टीव्ही संपला, मोठा घेऊ. वहिनी म्हणत होत्या, आधी बाईंकडे. तीन दिवस बाईंनी त्यावर आपल्या मालिका पाहिल्या आणि हिरवी चिठ्ठी लावली. सगळ्यांना माहीत आहे ते इतकंच. टीव्ही न्यायला आपटे आले तेव्हा मी तिथे होतो.

"आपटेसाहेब," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मोठा टीव्ही हवा असेल तर वहिनींना तसं सांगा. याला आजारी पाडू नका."

"म्हणजे?"

"मागची वायर अर्धी निघालेली होती. आपोआप निघाली तर सरळ निघते, ही वाकवून काढलेली होती. मी नुसती दाबून बसवली आहे."

आपट्यांनी टीव्ही उचलला आणि जिना चढून गेले. दिवाळीत त्यांनी बायकोला विचारून मोठा टीव्ही घेतला आणि जुना आतल्या खोलीत लावला. बाईंनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मीही आजच सांगतोय, आणि आपटे हे वाचणार नाहीत याची खात्री आहे, कारण ते टीव्ही बघतात.

यावरून बाईंना जुन्या वस्तूंचा लळा होता असं कोणाला वाटेल. तो अजिबात नव्हता. माझ्या वडिलांचा टेपरेकॉर्डर मी मोठ्या भक्तिभावाने त्यांच्याकडे नेला. तो तीन दिवससुद्धा राहिला नाही. संध्याकाळीच लाल चिठ्ठी. मी वडिलांबद्दल काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वडिलांची आठवण ठेवा. हा करंट मारतोय, हा सोडा." उलट कोणी नव्या वस्तूचं कौतुक करायला लागलं की म्हणायच्या, "नवीन म्हणजे अजून न बिघडलेलं. त्यात त्याचं काय कर्तृत्व?"

आता जे सांगायचं आहे ते मला सांगायला जड जातं.

शेवटच्या दोन वर्षांत बाईंना ऐकू कमी यायला लागलं होतं. एकदम नाही. दाराची बेल दोनदा वाजवावी लागायची. बोलताना त्या समोरच्याच्या ओठांकडे बघायच्या. आम्ही सगळे हळूहळू त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागलो आणि त्याबद्दल आपसांतही काही बोललो नाही. पुणेकर तोंडावर बोलतात अशी आपली ख्याती आहे. गाडी चुकीची लावली तर आम्ही बोलतो, कचरा चुकीच्या डब्यात टाकला तर चिठ्ठी लिहितो. मुलाणीबाईंना मात्र कोणी म्हणालं नाही की बाई, तुम्हाला ऐकू येत नाही. ज्यांच्या कानावर सगळी सोसायटी चालते त्यांना हे कसं सांगायचं, असा आमचा सभ्यपणा.

दुसऱ्या मजल्यावर चव्हाणकाकू राहतात. त्यांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं, आणि ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. त्यांचा फ्रीज जुना होता. मुलगा संदीप म्हणत होता, "आई, औषध आहे त्यात, रिस्क नको, नवा घेऊन टाकू." काकू म्हणाल्या, "बाईंस्नी इचारू. त्या म्हनतील तसं."

फ्रीज काही खाली नेता येत नाही, तेव्हा बाईच तीन दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. तिथे त्यांनी दही लावलं, बर्फ केला, दार शंभर वेळा उघडलं. तिसऱ्या दुपारी मीही होतो. बाई लाटणं टेकवून, डोळे मिटून बसल्या होत्या. फ्रीज घुंघुं करून सुरू व्हायला गेला आणि 'टिक्' असा आवाज होऊन गप्प झाला. पाच मिनिटांनी पुन्हा तसंच, घुं, टिक्. तिसऱ्या खेपेला मात्र सुरू झाला आणि चालत राहिला. मी बाईंकडे पाहिलं. चेहरा शांत होता. मला वाटलं, त्यांनी ते मोजून हिशेबात धरलं असणार.

"दाराचं रबर ढिलं आहे," त्या उठून म्हणाल्या. "तेवढं बदला. बाकी फ्रीज उत्तम." हिरवी चिठ्ठी फ्रीजच्या कडेला लागली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांखाली रेघा मारत आलेला मी, तिथे उभा होतो आणि गप्प बसलो. बाईंना मी काय सांगणार?

एप्रिलमध्ये काकू भाच्याच्या लग्नाला वेल्ह्याकडे माहेरी गेल्या, संदीपही गेला. रोजचं औषध बरोबर नेलं, बाकीचा साठा फ्रीजमध्येच होता. आठ दिवसांनी घर उघडलं तेव्हा फ्रीज छान चालू होता, सगळं गार होतं. नवीन बाटली सुरू केली आणि पाच-सहा दिवसांत काकूंची साखर इतकी वाढली की त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांना कारण कळेना. शेवटी त्यांनी विचारलं, इन्सुलिन कुठे ठेवता?

बाई दवाखान्यात जाऊन काकूंना भेटून आल्या आणि संदीप घरी आल्यावर मला बरोबर घेऊन त्याच्याकडे गेल्या. फ्रीज चालूच होता. त्यांनी वरचा कप्पा उघडला. जानेवारीत सोलून ठेवलेल्या मटारची पिशवी बाहेर काढली आणि ओट्यावर आपटली. मटारांचा एकसंध गोळा झाला होता.

"हे सुटे होते. मी पाहिले होते तेव्हा सुटे होते," बाई म्हणाल्या. "वितळून पुन्हा गोठलेत. तुम्ही नव्हतात तेव्हा फ्रीज काही दिवस बंद होता, मग आपला आपण सुरू झाला. औषध तेवढ्या उकाड्यात खराब झालं."

संदीप म्हणाला, "तुमच्या शब्दावर ठेवला होता, बाई. नाहीतर मी नवा आणत होतो." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाईंनी नखाने हिरवी चिठ्ठी सोलून काढली, घडी करून मुठीत धरली आणि जिन्यात आल्यावर मला विचारलं, "त्या दुपारी टिक् असा आवाज येत होता?"

"हो."

"किती वेळा?"

"दोनदा. तिसऱ्यांदा सुरू झाला."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही ऐकला असेल."

बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कारखान्यात माझ्या टेबलाशेजारी काल लागलेली पोरगीसुद्धा हात वर करायची. बाई, थांबा, असं म्हणायची. तिथे तसा नियमच होता. इथे मी तो कोणाला सांगितलाच नाही." त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. माझ्या वाटणीचा मी आजही उचलून फिरतो. काकूंना काही झालं असतं तर, हा विचार त्यानंतर कितीतरी दिवस मला जेवताना यायचा.

मला वाटलं, बाई आता दार लावून बसतील. दुसऱ्या दिवशी त्या एक वही घेऊन माझ्याकडे आल्या. दिलेल्या प्रत्येक चिठ्ठीची त्यात नोंद होती. "एक पीस चुकीचा पास झाला की पूर्ण लॉट परत मागवतात," त्या म्हणाल्या. "माझा कान कधीपासून गेला ते मला माहीत नाही. म्हणून दोन वर्षांतलं सगळं पुन्हा. ऐकायचं तुम्ही, लिहायचं मी."

त्रेचाळीस वस्तू होत्या. दहा-बारा दुपारी आम्ही दारोदार हिंडलो. प्रत्येक दारात बाई तेच वाक्य म्हणायच्या, न अडखळता: "मला ऐकू येत नाही. मी दिलेला शेरा पुन्हा तपासायचा आहे." ऐकणारा खाली बघायचा. कोणी चहाचा आग्रह करायचं, कोणी म्हणायचं असं काही नाही हो बाई. आपट्यांनी तर हातच जोडले. "कशाला एवढं? चालू आहे ना आमचा जुना टीव्ही."

"चालू आहे हा शेरा नसतो, आपटेसाहेब."

मी लाटणं कानाच्या हाडाला लावून बसायचो, त्या समोर बसून माझा चेहरा वाचायच्या. त्रेचाळीसमधल्या दोन वस्तू खरंच चुकीच्या निघाल्या, एक टेबलफॅन आणि एक स्टॅबिलायझर. दोन्हींवर लाल चिठ्ठ्या लागल्या. प्रत्येक नव्या चिठ्ठीवर आता दोन ओळी होत्या: ऐकलं, दामले. शेरा, मुलाणी. माझं नाव आयुष्यात इतक्या ठिकाणी कधी छापलं गेलं नव्हतं.

मग मुलीने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्र बसवायचं ठरलं. बाईंनी तिथेही सांगितलं, "तीन दिवस ठेवून घेते, मग बोलू." तिसऱ्या दिवशी मी गेलो तर त्या खुर्चीत बसून छताकडे बघत होत्या. "माझाच पंखा करकरतोय हो. आणि मी गावाचे पंखे तपासत हिंडत होते." पाण्याचा नळ, कुकरची शिट्टी, शेजारच्यांचं बाळ, सगळं त्यांना नव्याने सापडत होतं आणि लहान मुलीच्या उत्साहाने त्या मला सांगत होत्या. शेवटी मात्र म्हणाल्या, "माणसांसाठी हिरवी चिठ्ठी. मशीनसाठी लाल. सारखा येणारा घुंघुं आवाज हे यंत्र स्वतःच दाबून टाकतं, म्हणजे माणसांचं बोलणं नीट ऐकू यावं. मला तर तोच घुंघुं ऐकायचा असतो." त्यांनी वही बंद केली. शेरे बंद झाले. त्यांच्या ओट्यावर पहिल्यांदाच काही नव्हतं, एका कोपऱ्यात नुसता खलबत्ता. तो बघून मला फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर त्या विश्रांतवाडीला मुलीकडे राहायला गेल्या. जाण्याच्या दिवसाचं, टेम्पो आणि खोक्यांचं, मला फारसं काही आठवत नाही. लक्षात राहिली आहे ती त्याआधीची एक दुपार.

मी बाईंकडे बसलो होतो. बेल वाजली. दारात चव्हाणकाकू. दवाखान्यातून आल्यापासून त्या जिना उतरत नव्हत्या, घरात नवा फ्रीज आला होता आणि दोन घरांत बोलणं नव्हतं. काकू धापा टाकत होत्या आणि त्यांच्या पोटाशी धरलेला मिक्सर होता.

"काकू, मी आता शेरा देत नाही," बाई उभ्या राहून म्हणाल्या.

"शेरा कुनाला पायजे?" काकू आत येऊन मिक्सर ओट्यावर ठेवत म्हणाल्या. "संदीप बोलला ते बोलला. मी काय बोलले न्हाई. चटनी वाटा. कवापासून खलबत्ता कुटताय, वरपर्यंत आवाज येतो."

"बिघडलाय का?"

"न्हाई. चांगला हाय."

बाईंनी लसूण सोलला, खोबरं टाकलं, तिखट टाकलं, झाकण दाबून बटण फिरवलं. मिक्सर सुरू झाला. त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मला आतमध्ये काहीतरी घासल्यासारखं ऐकू आलं, अगदी बारीक. मी काकूंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. या वेळी मी थांबलो नाही. पुढे होऊन बाईंच्या समोर उभा राहिलो आणि शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. माझ्यामागे काकूंनीही केला.

"थांबा, बाई," काकू मोठ्याने म्हणाल्या. "काहीतरी घासतंय."

बाईंनी बटण बंद केलं. आमच्या दोघांच्या वर केलेल्या हातांकडे त्यांनी पाहिलं. मग पदराने डोळे पुसले, झाकण उघडून बोटाने चटणी चाखली आणि मिक्सर दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतला.

"तीन दिवस ठेवून घेते," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी या दोघं."